सूडाचे देणे कोण फेडतो?



आज मी आपणांपुढे एका इंग्रजी बोलपटाविषयी बोलणार आहे. बोलपट हा व्याख्यानाचा विषय कसा होतो, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. तिकीट काढून घटकाभर करमणूक करून घ्यावयाची, त्यावर एवढा ऊहापोह कशासाठी? याचे उत्तर असे की, ज्या घरांतून पोथीचे पठण थांबले त्या घरांतील मुलेमुली आज जो इतिहास शिकतात तो शाळेच्या पुस्तकाइतकाच पडद्यावरून शिकतात. पडदा त्यांस राजे दाखवितो, लढाया दाखवितो, आणि शूर कोण व नीच कोण हेही परस्पर ठरवून मोकळा होतो. पोथी सांगणाऱ्यास आपण प्रश्न विचारावयास शिकलो. पडद्यासही तेच प्रश्न विचारले पाहिजेत.

हा बोलपट म्हणजे 'किंगडम ऑफ हेवन'. नावाचा अर्थ स्वर्गाचे राज्य. तो २००५ सालच्या मे महिन्यात प्रदर्शित झाला. दिग्दर्शक रिडले स्कॉट, पटकथा विल्यम मोनाहन यांची. जेरुसलेम नगरीसाठी ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यात जी युद्धे झाली, ज्यांना युरोपात क्रूसेड आणि आपल्याकडे धर्मयुद्धे म्हणतात, त्यांपैकी ११८७ सालचा प्रसंग त्यात घेतला आहे. सुलतान सलादिनची भूमिका घसान मसूद या सीरियन नटाने केली आहे, आणि ती इतक्या संयमाने केली आहे की तेवढ्यासाठीही हा बोलपट पाहावा. नायकाविषयी मात्र माझे तितके चांगले मत नाही. तो पुष्कळ वेळ नुसता उदास दिसतो.

कथेचा आरंभ ११८४ साली फ्रान्समधील एका खेड्यात होतो. बालियन नावाचा एक लोहार आहे. त्याचे मूल मेले आणि त्या दुःखाने त्याच्या पत्नीने आत्महत्या केली. आत्महत्या करणाऱ्यास पवित्र भूमीत जागा नाही, म्हणून तिला चौफुलीवर पुरण्यात येते. आणि पुरण्यापूर्वी तिच्या प्रेताचे मस्तक तोडण्याची आज्ञा गावचा पाद्री देतो. मेलेल्या स्त्रीच्या देहासही धर्माचा अधिकारी शासन करतो, हे दृश्य पाहताना तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांस स्मशानाच्या जागेवरून गावोगाव झालेले तंटे आठवल्यावाचून राहणार नाहीत. पुढे हाच पाद्री लोहाराच्या भट्टीपाशी येऊन त्याला टोचून बोलतो, आणि मृत पत्नीच्या गळ्यातील क्रूस त्याच्या गळ्यात असल्याचे बालियनला दिसते. तो तापलेली तलवार पाद्र्याच्या पोटात खुपसतो व त्याला भट्टीत लोटून देतो.

प्रेक्षक या ठिकाणी मनातून संतोष पावतो. मीही पावलो, हे कबूल करावयास हरकत नाही. परंतु बोलपट येथून पुढे जे सांगतो ते ध्यानात घ्या. पाद्री मेल्याने पत्नी परत आली नाही, तिचे मस्तक धडास जुळले नाही. लोहाराला गाव सोडावे लागले. आपला जन्मदाता एक सरदार आहे हे त्याला कळले होतेच. त्या सरदारामागोमाग तो जेरुसलेमची वाट धरतो, कारण तेथे पाप धुतले जाते असे त्याला सांगण्यात आलेले असते. येशूला ज्या टेकडीवर क्रुसावर चढविले त्या टेकडीवर तो रात्रभर बसून राहतो. कोणी त्याच्याशी बोलत नाही. पाप धुऊन देण्याचे जे वचन त्याला दिलेले होते, ते पाळावयास तेथे कोणी हजर नसते.

आता बोलपट थोडा बाजूस ठेवू, आणि हे दोन धर्मांचे वैर कोठून आले ते पाहू. बोलपटात याचा केवळ उल्लेख आहे. तेवढ्यावर भागत नाही.

१०९५ सालच्या नोव्हेंबरात फ्रान्समधील क्लेरमाँ येथे पोप दुसरा अर्बन याने पूर्वेकडे शस्त्र घेऊन जाण्याचे आवाहन केले. जो जाईल त्याला पापक्षालन मिळेल असे सांगण्यात आले. मोठ्या सरदारांच्या फौजा निघण्यापूर्वीच, १०९६ च्या वसंत ऋतूत, निरनिराळ्या टोळ्या ऱ्हाईन नदीच्या काठाने चालू लागल्या. जेरुसलेम शेकडो कोस दूर होते. परंतु काठावरच्या गावांत ज्यू लोक राहत होते, आणि टोळ्यांतील लोक म्हणू लागले की ख्रिस्ताला मारणाऱ्यांचे वंशज येथे आपल्या शेजारीच सुखाने नांदत असताना दूरच्या शत्रूकडे प्रथम जावेच कशाला? हजार वर्षांपूर्वीच्या एका मृत्यूचा सूड म्हणून स्पायर, वर्म्स आणि माइन्झ या नगरांत ज्यूंची कत्तल झाली. स्पायरच्या बिशपने ज्यूंना आश्रय दिला व काही हल्लेखोरांचे हात तोडविले, म्हणून तेथे थोडे मेले. माइन्झच्या आर्चबिशपनेही आश्रय दिला होता, परंतु तो टिकला नाही. कित्येक आईबापांनी तलवारीखाली धर्म बदलण्याऐवजी आपल्या हाताने आपली लेकरे मारली आणि मग स्वतःस मारून घेतले.

ज्यांनी कोणास मारले नव्हते, ज्यांनी जेरुसलेम पाहिलेही नव्हते, ज्यांच्या कित्येक पिढ्या त्याच नदीकाठी व्यापार-उदीम करीत आल्या होत्या, त्यांच्याकडून हे देणे वसूल करण्यात आले. सूडाची ही रीत मी तुम्हांस विशेष करून पाहावयास सांगतो. अपराधी हाताशी नसतो, म्हणून जो हाताशी असतो तोच अपराधी ठरविला जातो.

येथे एक गोष्ट आणखी सांगितली पाहिजे, कारण ती धर्मांतराशी निगडित आहे आणि धर्मांतर हा तुमच्या घरचा विषय आहे. ऱ्हाईनकाठच्या काही ज्यूंनी जीव वाचविण्यासाठी बाप्तिस्मा घेतला होता. पुढील वर्षी, १०९७ साली, सम्राट चौथा हेन्री याने अशा सर्वांना आपल्या मूळ धर्मात परत जाण्याची मोकळीक दिली. धर्माधिकाऱ्यांचे म्हणणे असे होते की पाणी शिंपडले ते शिंपडले, आता माघार नाही. सम्राटाने ते मानले नाही. तलवारीच्या भयाने घेतलेला धर्म हा धर्मच नव्हे, एवढी समज अकराव्या शतकातील एका राजाला होती. मोकळ्या मैदानात, लक्षावधी माणसांच्या साक्षीने, कोणाच्याही तलवारीवाचून, पुष्कळ वर्षे विचार करून १९५६ साली नागपूर येथे जे झाले ते ज्यांच्या कुळात घडले, किंवा ज्यांनी तोच निर्णय आज स्वतः घेतला, त्यांना या दोन गोष्टींतील अंतर मी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

१५ जुलै १०९९ रोजी धर्मयोद्ध्यांनी जेरुसलेम घेतले. नगरातील मुसलमान व ज्यू यांची कत्तल झाली. ज्यू आपल्या प्रार्थनामंदिरात जमले होते. ते मंदिर पेटवून देण्यात आले असे दमास्कसचा बखरकार इब्न अल्-कलानिसी लिहितो. अक्सा मशिदीच्या छपरावर काही लोक चढून बसले होते. टँक्रेड नावाच्या सरदाराने त्यांना अभय म्हणून आपले निशाण दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी इतर योद्धे वर चढले आणि निशाण असतानाच त्यांनी त्या स्त्री-पुरुषांस कापून काढले. टँक्रेडला फार राग आला, असे ख्रिस्ती बखरकारच सांगतात. रागावून त्याने काय केले ते मात्र सांगत नाहीत.

ही झाली जुनी बाकी. ती वसूल करण्याचा दिवस अठ्ठ्याऐंशी वर्षांनी आला.

बोलपटाकडे परत येऊ. बालियन जेरुसलेमला पोहोचतो तेव्हा तेथे चौथा बाल्डविन हा राजा आहे. त्याला महारोग आहे. बोलपटात तो चांदीचा मुखवटा घालून वावरतो, आणि मुखवट्याआडच्या त्या माणसाचे बोलणे साऱ्या बोलपटात अधिक शहाणपणाचे आहे. त्याचा आणि सलादिनचा तह आहे. तह मोडण्यासाठी टपलेला सरदार म्हणजे रेनॉल्ड. बोलपटात हा रेनॉल्ड केवळ वेडसर रक्तपिपासू दाखविला आहे, आणि येथे माझी तक्रार आहे. इतिहासातील रेनॉल्ड सुमारे पंधरा वर्षे अलेप्पोच्या बंदिखान्यात पडून होता. सुटल्यावर केरकचा बळकट किल्ला त्याच्या हाती आला, आणि दमास्कसहून इजिप्तकडे व मक्केकडे जाणारे तांड्यांचे रस्ते त्याच्या किल्ल्याच्या टापूतून जात होते. त्याच्या मनात बंदिवासाचे उट्टे काढावयाचे होते की लुटीचा लोभ होता, हे निराळे करता येणे कठीण आहे. मला तर असे वाटते की, इतिहासात जेथे जेथे सूडाचे नाव मोठ्याने घेतलेले आढळते तेथे तेथे आसपास कोठेतरी जकात, जमीन किंवा सोन्याची थैली असतेच. वेडा म्हणून सोडून दिले की हा तपास करावा लागत नाही.

तहाच्या काळात रेनॉल्डने एक मोठा तांडा लुटला. बोलपट त्यात सलादिनच्या भगिनीचा वध घालतो. समकालीन अरबी इतिहासकारांचा त्यास आधार नाही. परंतु बोलपटांना सूडासाठी नेहमी एखादी भगिनी किंवा पत्नी मेलेली लागते. ४ जुलै ११८७ रोजी हत्तीनच्या रणात, तहानेने व्याकूळ झालेली ख्रिस्ती फौज पूर्णपणे मोडली. राजा गी आणि रेनॉल्ड कैद झाले. सलादिनने राजाला थंड पाण्याचा पेला दिला, राजाने तो रेनॉल्डकडे दिला, आणि सलादिनने रेनॉल्डला स्वतःच्या हाताने ठार केले. हा प्रसंग बोलपटात आहे आणि बव्हंशी इतिहासास धरून आहे. या एका ठिकाणी सूड खुद्द अपराध्यापर्यंत पोहोचला, असे म्हणता येईल. परंतु तो तेथे थांबला काय? दोन दिवसांनी टेंपलर आणि हॉस्पिटलर या लढाऊ संन्यासी संघांच्या सुमारे दोनशे कैद्यांची मुंडकी उडविण्यात आली. ते काम सैनिकांकडे न देता फौजेबरोबर आलेल्या सूफी व विद्वान मंडळींना देण्यात आले, असे सलादिनचा चिटणीस इमादुद्दीन लिहून ठेवतो. ज्यांनी कधी शस्त्र धरले नव्हते त्या हातांनी बांधलेल्या माणसांवर तलवार चालविली. या गोष्टीचे त्याला काही वाटलेले दिसत नाही.

सप्टेंबरात जेरुसलेमला वेढा पडला. नगराच्या संरक्षणाला सरदार उरलेले नाहीत. बोलपटातील बालियन तेव्हा लोकांपुढे उभा राहून जे सांगतो त्याचा आशय असा: आपल्यापैकी कोणीही हे नगर मुसलमानांकडून घेतलेले नाही, आणि बाहेर उभ्या असलेल्या फौजेतील कोणीही हे नगर गेले तेव्हा जन्मलेला नव्हता, ज्यांनी अपराध केला ते आज नाहीत, ज्यांच्यावर अपराध झाला तेही नाहीत. वेढ्याच्या गोंगाटात ही वाक्ये पटकन निघून जातात. मला ती बोलपटाचा गाभा वाटतात.

त्याच सभेत तो शस्त्र धरू शकणाऱ्या प्रत्येक पुरुषास गुडघे टेकावयास सांगतो आणि सर्वांस एकदम सरदारकी बहाल करतो. त्यात नोकर आहेत, थडगी खणणारा आहे. धर्माधिकारी खवळून विचारतो की, असे केल्याने माणूस अधिक चांगला लढतो काय? बालियनचे उत्तर एका शब्दाचे आहे: होय. जन्माने हलका ठरविलेला माणूस ताठ उभा राहतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय उमटते ते त्या थडगी खणणाऱ्याच्या मुद्रेवर पाहा. हे दृश्य पाहून कित्येकांचे डोळे भरून येतील, आणि तसे झाले तर त्यात गैर काही नाही.

परंतु खरे काय घडले? पहिली गोष्ट अशी की खरा बालियन लोहार नव्हता. तो इबेलिनच्या घराण्यातील, त्याच मुलुखात वाढलेला मोठा सरदार होता आणि त्याची पत्नी मारिया ही पूर्वीच्या राजाची विधवा राणी होती. त्याने वेढ्याच्या वेळी सरदारकी दिली हे खरे. पण ती दिली सोळा वर्षांवरील सरदारपुत्रांना आणि नगरातील काही प्रतिष्ठित नागरिकांना. थडगी खणणाऱ्यास कोणी विचारले नव्हते. क्रूसेडचे इंग्रज अभ्यासक जोनाथन रायली-स्मिथ यांनी या बोलपटावर जाहीर टीका केली होती. त्यांचे सगळे आक्षेप मला मान्य नाहीत. परंतु बोलपटाने जुन्या माणसांच्या तोंडी आजचे विचार घातले आहेत, हे कोणासही नाकारता येणार नाही. गोरगरिबांस मान देण्याची इच्छा आजच्या लेखकाची आहे. ती चांगली आहे. बाराव्या शतकाच्या खात्यावर मात्र ती जमा करू नका.

आता मी मुख्य प्रसंगाकडे येतो. तटाला खिंडार पडले. बालियन वाटाघाटीसाठी सलादिनच्या छावणीत गेला. बोलपटात सलादिन सर्वांना, स्त्रिया, मुले, सैनिक, सर्वांना सुखरूप ख्रिस्ती मुलुखात जाऊ देण्याचे वचन देतो. ख्रिस्ती लोकांनी नगर घेतले तेव्हा त्यांनी मुसलमानांची कत्तल केली होती, असे बालियन चकित होऊन म्हणतो. मी त्यांच्यातला नव्हे, मी सलाहुद्दीन आहे, अशा आशयाचे उत्तर सुलतान देतो. फार सुंदर प्रसंग आहे. पुढे नगरात शिरल्यावर जमिनीवर पडलेला क्रूस तो उचलून मेजावर नीट उभा करून ठेवतो.

इब्न अल्-असीर हा त्या काळचा मोठा मुसलमान इतिहासकार. त्याची हकीकत अशी आहे. प्रथम सलादिनने तह नाकारला. तुमच्या लोकांनी १०९९ साली जे केले तेच मी तुमच्याशी करीन, वाईटाचे फळ वाईट, असे तो म्हणाला. तेव्हा बालियनने सांगितले की, मरणच येणार असेल तर आम्ही आमच्या बायकामुलांस स्वतः मारू, मालमत्ता जाळू, आमच्याकडील पाच हजार मुसलमान कैद्यांस ठार करू, खडकावरील घुमट व अक्सा मशीद जमीनदोस्त करू, आणि मग बाहेर पडून मारीत मारीत मरू. सलादिनने आपल्या सल्लागारांस विचारले, आणि त्यांनी तह करण्याचा सल्ला दिला.

म्हणजे दोघांनीही सूडाची भाषा बोलून पाहिली, दोघांनीही हिशेब केला, आणि या हिशेबात कोणाचेच काही उरत नाही असे दोघांस दिसले. यामुळे सलादिनचा मोठेपणा कमी होतो असे मी म्हणत नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे वैर ज्याच्या फौजेच्या तोंडी होते, त्या सेनापतीने कत्तल होऊ दिली नाही, ही लहान गोष्ट नव्हे. २ ऑक्टोबर ११८७ रोजी नगर स्वाधीन झाले आणि रस्त्यांवर रक्त सांडले नाही.

परंतु तहाची कलमे काय होती? दर पुरुषामागे दहा दिनार, स्त्रीमागे पाच, मुलामागे त्याहून कमी, एवढे मुक्तिमूल्य भरील त्याने चाळीस दिवसांत नगर सोडून जावे. जो भरणार नाही तो गुलाम.

दहा दिनार ही सरदारास किरकोळ रक्कम असेल. जो रोज दुसऱ्याच्या ओट्यावर राबून खातो त्याने ते कोठून आणावे? आणि त्याच्यामागे पत्नी असेल, चार लेकरे असतील, म्हातारी आई असेल, तर प्रत्येकाचे मूल्य निराळे. गरिबांसाठी म्हणून बालियनने नगराच्या ठेवीतून तीस हजार दिनार एकरकमी भरले आणि त्यात सुमारे सात हजार माणसे सुटली. तरीही कित्येक हजार उरले. इमादुद्दीन हा आकडा पंधरा हजार देतो: सात हजार पुरुष आणि आठ हजार स्त्रिया व मुले. मध्ययुगीन आकडे तंतोतंत मानू नयेत, पण हा चिटणीस विजयी पक्षाचा होता आणि लपविण्याचे त्याला कारण नव्हते. ही माणसे विजेत्यांत वाटली गेली.

त्याच सुमारास लॅटिन चर्चचा पॅट्रिआर्क हेराक्लियस आपल्या वाट्याचे दहा दिनार मोजून, चर्चमधील सोन्याचांदीची पात्रे व गालिचे लादून नगराबाहेर पडला. ती संपत्ती अडवावी, असे इमादुद्दीनने सुलतानास सुचविले. सुलतान म्हणाला की दिलेला शब्द मोडता येत नाही. सलादिनचा भाऊ अल्-आदिल याने हजार गरीब कैदी आपल्या बक्षिसादाखल मागून घेतले आणि त्यांना मुक्त केले. सलादिनने स्वतः वृद्ध माणसे सोडली. शत्रूने मागून घेऊन माणसे सोडविली, आणि स्वतःचा धर्मगुरू सोने घेऊन चालता झाला. 

बोलपटात हे काहीच नाही. पडद्यावर सर्वजण एकत्र बाहेर पडतात, नायक आणि राणी सिबिला त्यांच्यात पायी चालतात, आणि प्रेक्षकाला वाटते की सूड टळला, सर्व सुखरूप झाले. सूड टळला हे खरे. देणे टळले नाही. १०९९ सालच्या कत्तलीचे देणे ११८७ साली भरले ते त्या कत्तलीतील योद्ध्यांच्या वंशजांनी नव्हे. ते दहा दिनार टाकून गेले. ते भरले स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्यांनी, मोट हाकणाऱ्यांनी, ज्यांचे नाव एकाही बखरीत नाही त्यांनी. माझी या बोलपटावरील सर्वांत मोठी तक्रार ही आहे. सूड निरर्थक आहे असे तो मोठ्यांच्या तोंडून सांगतो आणि तो निरर्थकपणा ज्यांच्या अंगावर कोसळला त्यांना पडद्यावरून पुसून टाकतो.

बिशपविषयी एक शब्द. वेढा हातघाईवर येतो तेव्हा बोलपटातील हा धर्माधिकारी बालियनला सुचवितो की, तूर्त इस्लाम स्वीकारावा आणि पश्चात्ताप मागाहून करावा. प्रेक्षागृहात येथे हशा पिकतो. ज्याने आयुष्यभर इतरांस धर्मासाठी मरावयास सांगितले त्याला धर्म हा पावसात घ्यावयाच्या घोंगडीसारखा वाटतो. असली माणसे प्रत्येक धर्मात असतात आणि पुष्कळदा ती वरच्या जागी असतात. तुम्हांस दीक्षा घेतल्यावर, 'कशासाठी हे? काय मिळणार आहे त्यातून?' असे विचारणारे जे भेटले असतील, त्यांच्या प्रश्नामागे हाच बिशप उभा होता, असे समजण्यास हरकत नाही.

जेरुसलेम गेल्याचे वर्तमान युरोपात पोहोचले आणि पुन्हा सूडाची हाक उठली. इंग्लंडचा राजा रिचर्ड निघाला. बोलपटाच्या अखेरीस हा रिचर्ड फ्रान्समधील त्या खेड्यावरून जातो, जेरुसलेमचा रक्षक बालियन कोठे आहे म्हणून विचारतो, आणि बालियन सांगतो की मी लोहार आहे. राजा निघून जातो. बोलपट येथे मिटतो, आणि मिटावयास हे ठिकाण वाईट नाही. परंतु राजा कोठे गेला? तो अक्रा बंदराच्या वेढ्यास गेला. जुलै ११९१ मध्ये अक्रा पडले. कैद्यांच्या मुक्ततेच्या अटींवरून घासाघीस लांबली, आणि २० ऑगस्ट ११९१ रोजी रिचर्डने सुमारे सत्तावीसशे मुसलमान कैदी सलादिनच्या फौजेच्या नजरेसमोर कापून काढविले. मग ज्याने जेरुसलेमात कत्तल होऊ दिली नव्हती त्याच सलादिनने पुढे हाती सापडलेल्या ख्रिस्ती कैद्यांस ठार करविले. चार वर्षांपूर्वी आवरलेला हात अखेर उठलाच. ११९२ च्या सप्टेंबरात दोघेही थकले तेव्हा तह झाला. नगर मुसलमानांकडे राहिले, ख्रिस्ती यात्रेकरूंनी निःशस्त्र येऊन दर्शन घ्यावे असे ठरले. अक्रासमोरचे सत्तावीसशे कापले गेले नसते तरी याहून निराळे काही ठरले असते असे मला वाटत नाही.

आणखी एक तह सांगून थांबतो, कारण त्याच्यावर कोणी मोठा बोलपट काढील असे वाटत नाही. १२२९ साली सम्राट दुसरा फ्रेडरिक आणि अल्-आदिलचा पुत्र सुलतान अल्-कामिल यांनी लढाई न करता, वाटाघाटीने जेरुसलेमचा प्रश्न सोडविला. नगर ख्रिस्ती लोकांकडे आणि तेथील मुसलमानांची पवित्र स्थळे मुसलमानांकडे, अशी वाटणी झाली. एकही माणूस मेला नाही. परिणाम काय झाला? फ्रेडरिक आधीच धर्मबहिष्कृत होता; जेरुसलेमच्या ख्रिस्ती धर्मगुरूने नगरातील उपासना बंद करण्याचा हुकूम काढला. तिकडे दमास्कसमध्ये अल्-कामिलच्या नावाने शोक करण्यात आला. रक्त सांडले नाही याचा राग दोन्ही धर्मांच्या रक्षकांना सारखाच आला. तलवार चालली असती तर दोन्ही बाजूंस हुतात्मे मिळाले असते.

हा बोलपट आता घरबसल्याही पाहावयास मिळतो. त्याच्या दोन आवृत्त्या आहेत. चित्रगृहात आली ती तोकडी होती. नंतर दिग्दर्शकाने स्वतः जोडलेली तीन तासांहून अधिक लांबीची आवृत्ती निघाली. लांबीस भिऊ नका, तीच पाहा. मारला गेलेला पाद्री बालियनचा सावत्र भाऊ होता हे तीतच नीट कळते. शेवटी पराभूत राजा गी बालियनवर चालून येतो, बालियन त्याला खाली पाडतो आणि मारता येत असताना मारीत नाही, हेही तीतच आहे. त्या क्षणी आरंभीची भट्टी आठवावी. लहान मुलांस जवळ बसवू नका, रक्तपात फार आहे. दहावी-अकरावीच्या मुलामुलींस मात्र अवश्य दाखवा. तटाबाहेर पडणाऱ्या लोकांची रांग पडद्यावर आली की बोलपट क्षणभर थांबवा आणि त्यांना सांगा की, त्या दिवशी आणखी एक रांग होती, आणि तिला दहा दिनार विचारण्यात आले होते.